अर्धा पत्रव्यवहार : मराठी तुरुंगलेखन आणि बाहेरचे कुटुंब

१

१९६५ च्या सप्टेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी हस्तलिखितासंबंधी निर्णय दिला. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी शासनाच्या अनुमतीने अणूच्या अंतरंगाची ओळख करून देणारे एक विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले. ते प्रकाशनासाठी आपल्या पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली. शासनाने ती नाकारली, उच्च न्यायालयाने दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींत जो निर्बंध नमूद नाही, तो अधिकाऱ्यांना आपल्या मर्जीने लादता येणार नाही, असे या निर्णयाचे सार होते. व्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत हा खटला आजही उद्धृत केला जातो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र या प्रकरणातील आणखी एका तपशिलाकडे पाहावयास हवे. हस्तलिखित पाठवावयाचे होते ते पत्नीकडे. ज्या पुस्तकाचा विषय शुद्ध विज्ञानाचा आहे आणि ज्याच्या मजकुरात घरगुती असे काही असण्याचे कारण नाही, तेही तुरुंगातून निघताना घराच्या पत्त्यावर निघते. छापखाना, प्रकाशक, वाचक हे सारे नंतर येतात. त्याआधी एक घर लागते आणि त्या घरात ते हस्तलिखित स्वीकारून पुढे नेणारे एक माणूस लागते. तुरुंगात लिहिल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक संहितेमागे असा एक पत्ता असतो. मराठी समीक्षेने संहिता वाचली, पत्ता वाचला नाही.

प्रस्तुत विवेचनाचा रोख या न वाचलेल्या पत्त्याकडे आहे. बंदिवान आणि त्याचे कुटुंब यांच्यातील नाते ही तुरुंगलेखनाची केवळ पार्श्वभूमी नसून त्या लेखनाच्या घाटाला आकार देणारी शक्ती आहे, आणि ते नाते टिकविण्याचे श्रम ज्यांनी बाहेर राहून केले त्यांचा आवाज आपल्या वाङ्मयेतिहासातून बहुतांशी गळाला आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. आपण ज्याला तुरुंगसाहित्य म्हणून गौरवितो, तो वस्तुतः अर्धा पत्रव्यवहार आहे.

२

मराठीत तुरुंगलेखनाचा विचार सामान्यतः तीन अंगांनी झालेला दिसतो. पहिले अंग चरित्राचे : थोर पुरुषाच्या आयुष्यातील कसोटीचा काळ म्हणून या लेखनाकडे पाहिले जाते. दुसरे राष्ट्रीय चळवळीचे : लेखनाचे मोल त्यातील विचारप्रणालीच्या तीव्रतेवरून ठरते. तिसरे अंग आध्यात्मिक म्हणता येईल : कारावास ही एकांताची तपश्चर्या आणि लेखन हे तिचे फळ, अशी ही धारणा आहे. मंडालेचे 'गीतारहस्य' आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली, साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीताप्रवचने यांमुळे ही तिसरी धारणा विशेष बळावली. या तिन्ही अंगांत एक गोष्ट समान आहे. बंदिवान एकटा आहे, असे ती गृहीत धरतात. त्याचे एकटेपण हेच त्याच्या लेखनाचे उगमस्थान मानले जाते.

बाख्तीनच्या भाषाविचाराने या गृहीतकाला धक्का बसतो. कोणतेही उच्चारण कोणाला तरी उद्देशून असते. ज्याला उद्देशून ते होते त्याच्या संभाव्य प्रतिसादाची छाया उच्चारणाच्या अंगावर आधीच पडलेली असते. संबोध्यता हा भाषेचा वरून चढविलेला अलंकार नसून तिच्या अस्तित्वाचीच अट आहे. हे तत्त्व तुरुंगातील पत्राला लावले, की त्या पत्राचा वेगळेपणा लक्षात येतो. त्याला एकाच वेळी दोन वाचक असतात. एक ज्याचे नाव पाकिटावर आहे तो. दुसरा ज्याचे नाव कोठेच नाही, पण जो ते सर्वांत आधी वाचतो, तो अधिकारी. पहिल्याला कळावे आणि दुसऱ्याला खटकू नये, या दुहेरी दडपणातून पत्राची भाषा घडते. प्रकृती ठीक आहे, हे वाक्य अशा पत्रात केवळ माहिती देत नाही. ते घरच्यांना धीर देते, अधिकाऱ्याला तक्रारीची जागा ठेवीत नाही आणि लिहिणाऱ्याच्या मनातले बरेचसे झाकते.

फूकोच्या १९७५ सालच्या तुरुंगविषयक ग्रंथाने निरीक्षणाच्या यंत्रणेची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडते, पण पुरी पडत नाही. त्या मांडणीत नजर एका दिशेने वाहते, पाहणाऱ्याकडून पाहिल्या जाणाऱ्याकडे. पत्र मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना असते. त्याच्यामुळे तुरुंगाची नजर घरापर्यंत पोचते, तशीच घराची नजरही तुरुंगात शिरते. कोणाला मुलगा झाला, कोणाचे शिक्षण कोठवर आले, कोण गेले, ही माहिती यंत्रणेच्या लेखी निरुपद्रवी असते. कैद्याच्या लेखी मात्र आपण अजून कोणाचे तरी कोणीतरी आहोत, याचा तो पुरावा असतो.

३

टिळकांचा मंडालेतील कारावास १९०८ ते १९१४ असा सहा वर्षांचा. या काळातील त्यांच्या लेखनापैकी समीक्षेचे लक्ष 'गीतारहस्या'वर केंद्रित झाले, ते स्वाभाविकच होय. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत पेन्सिलीने लिहिलेला तो ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने मराठी तत्त्वचिंतनात आपले स्थान मिळविले. परंतु त्याच सहा वर्षांत टिळक घरी पत्रेही लिहीत होते, विशेषतः भाचे धोंडोपंत विद्वांस यांना. या पत्रांची रचना पाहिली, की एक चमत्कारिक मिश्रण दिसते. हव्या असलेल्या ग्रंथांच्या याद्या, ताई महाराज प्रकरणातील दाव्याविषयीच्या सूचना, मुलांच्या अभ्यासाची चौकशी, प्रकृतीचे वृत्त, हे सारे एकाच पातळीवर, एकाच कोरड्या स्वरात येते. भावनेला वेगळा परिच्छेद मिळत नाही.

या कोरडेपणाचा अर्थ स्थितप्रज्ञता असा लावण्याची परंपरा आहे. तो अर्थ अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दुसरा अर्थ असा, की ज्याच्या हातात घर चालविण्याचे दुसरे कोणतेही साधन उरलेले नाही, तो सूचनांतूनच घरात उपस्थित राहतो. मुलांनी काय शिकावे हे सांगणे म्हणजे आपण अजून त्यांचे वडील आहोत, असे म्हणणे. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे लिहिताना लिहिणारा क्षणभर त्या खोलीत उभा असतो. सूचना हे येथे वात्सल्याचे रूप आहे. अधिकाऱ्यालाही त्यात आक्षेपार्ह काही सापडत नाही, हा त्याचा दुसरा गुण.

जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. वार्ता मंडालेस तारेने गेली. त्यानंतर टिळकांनी विद्वांसांना लिहिलेल्या पत्रात हा आघात आपल्याला हलवून गेला, अशी कबुली आहे आणि लगोलग मुलांची काळजी आहे. चरित्रकारांनी या पत्रातून टिळकांचे धैर्य दाखविले. पत्राच्या घाटाकडे पाहिले असता मात्र आणखी काही दिसते. पत्नीच्या मृत्यूविषयीचे पत्रही भाच्याला लिहिलेले आहे. सत्यभामाबाई या पत्रव्यवहारात कोठेही प्रथमपुरुषी बोलत नाहीत. त्या येतात त्या इतरांना लिहिलेल्या मजकुरातील तृतीयपुरुषी उल्लेखात. चार वर्षे ज्यांनी पतीच्या अनुपस्थितीत ते घर सांभाळले, त्यांच्या अनुभवाची एकही ओळ आपल्या वाङ्मयात नाही. विद्वांसांचे श्रम निदान पत्त्याच्या रूपाने उरले. सत्यभामाबाईंचे तेवढ्याही रूपाने उरले नाहीत. त्या काळच्या कुटुंबातील स्त्रीची स्थिती लक्षात घेता यात नवल नाही. नवल आहे ते इतकेच, की या अनुपस्थितीची नोंद घ्यावी असे समीक्षेलाही वाटले नाही.

४

सावरकर बंधूंच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली तेव्हा विनायकराव लंडनमध्ये होते. तेथून त्यांनी येसूवहिनींना उद्देशून 'सांत्वन' ही कविता लिहून पाठविली; पुढे १९१० मध्ये स्वतःच्या अटकेनंतर 'माझे मृत्युपत्र' ही कविताही त्यांनाच उद्देशून लिहिली. मराठी राष्ट्रीय कवितेतील या दोन प्रसिद्ध रचनांची श्रोती एक वहिनी आहे, ही गोष्ट केवळ चरित्रात्मक नाही. मराठी कुटुंबव्यवस्थेत मोठ्या भावाची पत्नी आईच्या जागी मानली जाते. येथे तर आई १८९२ मध्ये आणि वडील १८९९ मध्ये गेल्यामुळे त्या घरात दुसरे वडीलधारे माणूस नव्हते. वय मात्र जवळजवळ दिराएवढेच. समवयस्क असूनही मातृस्थानी, असे हे नाते आहे, आणि म्हणूनच कवी तिच्याशी धीर देणारा आणि धीर मागणारा अशा दोन्ही भूमिकांतून बोलू शकतो. राष्ट्राला उद्देशून लिहिता आले असते. तशा कविताही त्यांनी लिहिल्या. परंतु त्यागाची किंमत ज्या घराला मोजावी लागणार, त्या घरासमोर उभे राहून बोलणे ही वेगळी नैतिक जबाबदारी आहे. या कवितांतील वक्तृत्वाच्या उंच स्वरामागे एक समर्थन चालू आहे, आणि समर्थन जिच्यापुढे चालू आहे तिने काय उत्तर दिले, हे आपल्याला ठाऊक नाही.

१९११ मध्ये विनायकराव अंदमानात पोचले तेव्हा बाबाराव तेथेच होते. एकाच तुरुंगात दोन सख्खे भाऊ असूनही त्यांची सहज भेट होणे शक्य नव्हते. कुटुंब तोडण्यासाठी समुद्र लागतोच असे नाही; एका इमारतीतील दोन कोठड्यांमधले अंतरही पुरते, हे 'माझी जन्मठेप' (१९२७) वाचताना पदोपदी जाणवते. घराशी संबंध होता तो वर्षातून एका पत्राचा. धाकटे बंधू नारायणराव यांना लिहिलेल्या या पत्रांचा संग्रह १९२४ साली नागपुरातून प्रसिद्ध झाला, तो इंग्रजीत. एका मराठी घरातील दोन भावांचे बोलणे वाचकांपुढे प्रथम परक्या भाषेत आले, हा विरोधाभास त्या लेखनाच्या परिस्थितीविषयी पुष्कळ सांगून जातो.

वर्षाला एक पत्र, ही अट वाङ्मयप्रकारालाच बदलून टाकते. रोजच्या पत्राची सैल, भटकती लय येथे संभवत नाही. एका कागदात वर्ष बसवावयाचे असते. त्यामुळे या पत्रांना यादीचे रूप येते : एकेका आप्ताची नावानिशी विचारपूस, भावाच्या शिक्षणाची चौकशी, प्रकृतीचे वृत्त, मग समाजसुधारणेवरील आणि राजकारणावरील मते. समीक्षकांनी आणि इतिहासकारांनी या शेवटच्या भागाचे उतारे काढले आणि आधीची नावे वगळली. वस्तुतः ती नावांची यादी हाच पत्राचा कणा आहे. एखादे नाव राहून गेले, तर त्या माणसाला पुढचे वर्षभर आपण विसरले गेलो असे वाटणार, ही जाणीव त्या क्रमामागे आहे. जुन्या पत्रांतील 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' या ठराविक समारोपात जे नाते एका झटक्यात उरकले जाते, ते येथे एकेका नावाने उच्चारावे लागते. रूढ संकेताला परिस्थितीने पुन्हा अर्थ दिला, असे त्याचे वर्णन करता येईल.

पत्राच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते? शिक्षेबरोबर मालमत्तेची जप्ती आली होती. नारायणराव कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण घेत होते आणि भावांच्या सुटकेसाठी खटपटही करीत होते. १९२० च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींना लिहिले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त सावरकर बंधूंविषयी लेख लिहिला. यमुनाबाई माहेरच्या आधाराने दिवस काढीत होत्या. येसूवहिनी पतीच्या भेटीची वाट पाहत होत्या. अखेर १९१९ मध्ये कुटुंबीयांना अंदमानात जाऊन भेटण्याची संधी मिळाली. नारायणराव आणि यमुनाबाई गेल्या; येसूवहिनी त्यांच्यात नव्हत्या. त्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर बाबारावांच्या वाट्याला भेट आली, ती या पोकळीसह.

'माझी जन्मठेप' मध्ये हा प्रसंग आहे आणि तो वाचकाला हेलावून सोडतो. परंतु कथन बंदिवानाचे आहे. शोकाचा केंद्रबिंदू तुरुंगात आहे. ज्या स्त्रीने ती दहा वर्षे बाहेर काढली, तिचे मरण येथे आत असलेल्यांच्या यातनांचा एक भाग म्हणून येते. ही लेखकाची न्यूनता नव्हे. आत्मकथनाचा दृष्टिकोणच तसा असतो. प्रश्न वाचकाचा आहे. तुरुंगाची शिक्षा न्यायालयाने दोघांना दिली होती. ती भोगणारे किती होते, हे मोजण्याचे काम संहिता करणार नाही, ते वाचनालाच करावे लागेल.

५

ज्याला लिहावे असे कोणी उरलेलेच नाही, अशा बंदिवानाचे काय? साने गुरुजींच्या 'श्यामची आई'कडे या दृष्टीने पाहता येते. हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आई १९१७ मध्येच गेली होती. पुस्तकात तुरुंग नाही. तेथे आश्रम आहे, रोज रात्री जमणारे मित्र आहेत आणि त्यांना आईच्या गोष्टी सांगणारा श्याम आहे. तुरुंगाच्या बराकीत संध्याकाळी दारे बंद झाल्यावर सुरू होणारी रात्र आणि कथेतील ती प्रार्थनेनंतरची रात्र यांचे नाते उघड आहे; पण लेखकाने पहिलीचा उल्लेखही न करता तिचे रूपांतर दुसरीत केले. मृत आईला पत्र पाठविता येत नाही, तेव्हा तिच्याविषयी इतरांशी बोलावे लागते. 'श्यामची आई' हे न पाठविता येणारे पत्र आहे, आणि त्याची निवेदनरचना, म्हणजे रोज एक प्रसंग, रोज एक श्रोतृवृंद, ही त्या अशक्यतेतून निर्माण झालेली आहे. या पुस्तकावर भाबडेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी ते कोठे बसून लिहिले गेले, हे ध्यानात घेतले तर आक्षेप कदाचित मागे घेतला जाणार नाही, पण त्याचे स्वरूप निश्चितच बदलेल. बालपणीच्या घराचा इतका तपशीलवार, इतका निर्दोष नकाशा काढण्याची गरज त्यालाच भासते, ज्याच्यापुढे घराचे दार बंद आहे.

आणीबाणीत या समीकरणाला आणखी एक वळण मिळाले. मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते येरवड्यास, अशी स्थिती १९७५ नंतर निर्माण झाली. पत्राची दोन्ही टोके तुरुंगात, आणि वाचणारे अधिकारीही दोन. 'आत' आणि 'बाहेर' ही द्वंद्वात्मक मांडणी येथे कोसळते. महत्त्वाचे हे, की अशा पत्रव्यवहारात स्त्री तृतीयपुरुषी उल्लेखापुरती उरत नाही. ती समान लेखक असते. सत्यभामाबाई ते प्रमिलाताई या सहा दशकांच्या अंतरात मराठी स्त्रीच्या सार्वजनिक आयुष्यात झालेला बदल तुरुंगाच्या पत्रांतून मोजता येईल. हा मोजमापाचा प्रयत्न अजून व्हावयाचा आहे.

दुसरे टोक उपलब्ध झाले म्हणजे समीक्षेत काय घडते, याचे ठळक उदाहरण इटलीतील आहे. आंतोनिओ ग्रामशी १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये पकडला गेला आणि १९३७ मध्ये मरण पावला. त्याची तुरुंगातील पत्रे १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती एका एकाकी विचारवंताची पत्रे म्हणून वाचली गेली. पत्नी जुलिया मॉस्कोत, दोन मुले तिच्याजवळ. धाकट्या मुलाला त्याने कधीच पाहिले नाही. इटलीत त्याच्यासाठी राहिली ती मेहुणी तातियाना. पुस्तके, औषधे, कपडे, अर्ज, डॉक्टर हे सारे तिने पाहिले. त्याच्या टिपणवह्याही तिच्यामुळे वाचल्या. ग्रामशी आणि तातियाना यांचा दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार १९९७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रामशीची चिडचिड, त्याच्या तक्रारी, त्याचे आभार, हे सारे उत्तरे म्हणून वाचता येऊ लागले. त्याची आई १९३२ च्या अखेरीस वारली. घरच्यांनी ती वार्ता त्याच्यापासून लपवून ठेवली. टिळकांना मृत्यूची तार मिळाली, सावरकरांना भेटीत पोकळी दिसली, ग्रामशीला कळूच दिले गेले नाही. हे शेवटचे मौन क्रूर होते की दयाळू, याचा निर्णय सोपा नाही. पण असे मौन हीसुद्धा नाते टिकविण्याची एक कृती असते, आणि बंदिवानाच्या संहितेत तिचा मागमूसही उमटत नाही. कारण ती बाहेर घडलेली असते.

६

येथवरच्या विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे. टिळक, सावरकर, साने गुरुजी, दंडवते हे सारे साक्षर घरांतले, राजकीय बंदिवान. त्यांच्याभोवती प्रतिष्ठेचे वलय होते, पत्रे जपून ठेवणारी माणसे होती. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्यामागचा ससेमिरा सुटला नाही, त्यांच्या घरांतून तुरुंगात पत्रे जात नव्हती. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) तुरुंग हा आयुष्यातला अपवादात्मक काळ म्हणून येत नाही. हजेरी, झडती, मारहाण, कोणाची तरी अटक, पैशांची जुळवाजुळव ही तेथे घराची दैनंदिनी आहे. येथे नाते लेखनाने टिकत नाही. चौकीच्या दाराशी ताटकळण्याने, पैसे उभे करण्याने, भाकरी पोचविण्याने टिकते. पत्र हा ज्या समीक्षेचा एकमेव पुरावा असेल, तिला हे नाते दिसणारच नाही. म्हणून 'अर्धा पत्रव्यवहार' ही कल्पना अक्षरशः न घेता विस्ताराने घ्यावी लागते. भाकरीचे गाठोडे हाही संदेशच आहे, आणि तोही आत जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी उघडून पाहिलेला असतो.

कायद्याच्या भाषेतही या नात्याची एक विलक्षण वाचना दडलेली आहे. महाराष्ट्रातील १९५९ च्या नियमांनी शिक्षा झालेल्या बंद्याला दोन प्रकारच्या रजा दिल्या : संचित रजा आणि अभिवचन रजा. नोकरदाराच्या शब्दकोशातून आलेली ही नावे आहेत. जणू तुरुंगवास ही एक चाकरी आणि घर ही तिच्यातून मिळणारी सुट्टी. संचित रजा काळ आणि वर्तन यांनी साठत जाते. अभिवचन रजेला कारण लागते, आणि ते बहुधा घरातलेच असते : कोणाचे आजारपण, मृत्यू, लग्न. मूळ नियमांत संचित रजेसाठी अशीही अट होती, की बंद्याला ठेवून घेण्यास आणि त्याच्यासाठी हमी देण्यास तयार असलेला नातलग असला पाहिजे. ज्याचे नाते बाहेर कोणी टिकवून धरले नाही, त्याची रजा साठूनही तिला अर्थ नाही. भावनेच्या प्रांतातली म्हणून जी गोष्ट समीक्षा सोडून देते, ती कायद्याने हमीपत्रावर लिहून घेतली आहे.

सुनील बत्रा खटल्याच्या दुसऱ्या निर्णयात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने आप्तांच्या भेटीला कैद्याच्या एकटेपणातील दिलासा मानले. त्या प्रकरणाचा उगमही एका कैद्याने दुसऱ्याच्या छळाविषयी न्यायाधीशाला लिहिलेल्या पत्रात होता, आणि तो छळ भेटीस येणाऱ्या नातलगांकडून पैसे उकळण्यासाठी झाल्याची तक्रार होती. १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरेली मुलीन खटल्यात न्यायालयाने कुटुंबीयांना भेटण्याचा हक्क जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले. तरीही २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी जवळजवळ ७६ टक्के न्यायाधीन होते. म्हणजे दोषी न ठरताच आत होते. यांपैकी प्रत्येकामागे तारखांना हजर राहणारे, जामिनाची खटपट करणारे, मुलाला वडील कोठे आहेत हे सांगणारे किंवा न सांगणारे कोणीतरी आहे. महाराष्ट्रातील काही मध्यवर्ती कारागृहांत बंदी आणि त्यांची मुले यांच्यासाठी 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला. नावच बोलके आहे. 'मुलाखत' हा शब्द जाळीच्या किंवा काचेच्या अलीकडून बोलण्यापुरता. स्पर्शासाठी दुसरा शब्द शोधावा लागला.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ही समाजशास्त्राची किंवा कायद्याची सामग्री आहे. वाङ्मयसमीक्षेने संहितेशी बांधील राहावे. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक तुरुंगग्रंथाची गुणवत्ता त्यामागच्या कुटुंबाच्या हालअपेष्टांवरून ठरविणे हा भावुकपणा होईल. परंतु येथे प्रतिपादन तसे नाही. टिळकांच्या पत्रांतील सूचनांचा कोरडा स्वर, सावरकरांच्या वार्षिक पत्रांतील नावांची यादी, 'श्यामची आई'तील रोजची रात्र, ही सर्व घाटाची वैशिष्ट्ये आहेत, आणि ज्याला उद्देशून ते लेखन झाले त्याला वगळून त्यांचा उलगडा होत नाही. संहितेशी बांधील राहिल्यानेच संहितेबाहेरच्या माणसापर्यंत जावे लागते.

यातून संपादनाचे एक तत्त्व निघते. तुरुंगातील पत्रे प्रसिद्ध करताना घरून आलेली पत्रे उपलब्ध असतील तर ती त्यांच्या शेजारी छापावीत. नसतील तर ती जागा रिकामी आहे असे स्पष्ट नोंदवावे. आठवणी, अर्ज, मनिऑर्डरच्या पावत्या, भेटीच्या नोंदी यांना परिशिष्टात न ढकलता पत्रव्यवहाराचा भाग मानावे. ज्या घरांत लिहिण्याची सवय नव्हती, तेथे मौखिक कथनांची नोंद व्हावी, आणि ती लवकर व्हावी, कारण असे कथन करणारी पिढी थांबत नाही.

संझगिरींचे हस्तलिखित न्यायालयात पोचले म्हणून त्याच्या पत्त्याची नोंद निर्णयात राहिली. वाङ्मयेतिहासाने ती नोंद आपणहून करावयास हवी होती. तुरुंगातून निघालेली संहिता वाचताना 'हे कोणी लिहिले' या प्रश्नाबरोबर 'हे कोणी घेतले, कोणी जपले आणि त्याचे उत्तर कोणी दिले' हा प्रश्न विचारला गेला, तर मराठी तुरुंगसाहित्याच्या इतिहासात आज नसलेली अनेक नावे येतील. त्यांतली बरीचशी स्त्रियांची असतील.